भाताच्या तुसाची राख काँक्रीटमध्ये वापरायची असेल तर: नवख्यांसाठी क्रमवार मार्गदर्शन

भाताच्या वजनाचा साधारण पाचवा हिस्सा तुसाचा असतो आणि तूस पूर्णपणे जाळले तर त्याच्या वजनाचा पुन्हा साधारण पाचवा हिस्सा राख म्हणून मागे उरतो. एक टन भात भरडला की सुमारे २०० किलो तूस आणि त्यातून ४० किलोच्या आसपास राख, असा हा हिशेब आहे. भंडारा, गोंदिया, गडचिरोली आणि चंद्रपूर या धानपट्ट्यात, तसेच कोकणातील भातगिरण्यांच्या परिसरात, या राखेचे ढीग नेहमी दिसतात. ही राख सिमेंटच्या काही भागाऐवजी काँक्रीटमध्ये वापरता येते, हे खरे आहे. मात्र कोणतीही राख कोणत्याही ढिगातून उचलून मिक्सरमध्ये टाकता येते, हे खरे नाही. या कामातील बहुतेक कष्ट मिक्सर सुरू होण्याआधीचे आहेत, आणि म्हणून या लेखाचा मोठा भागही राख निवडणे, दळणे आणि तपासणे यांवरच खर्च केला आहे.

राख नेमके काय करते

सिमेंट आणि पाणी यांची अभिक्रिया होताना काँक्रीटला ताकद देणारा कॅल्शियम सिलिकेट हायड्रेट हा पदार्थ तयार होतो आणि त्याच वेळी कॅल्शियम हायड्रॉक्साइड, म्हणजे विरलेला चुना, हाही तयार होतो. हा चुना ताकदीत फारशी भर घालत नाही, पाण्यात थोडाफार विरघळतो आणि खडीच्या कडेला साठून तेथील जोड कमकुवत ठेवतो. नीट जाळलेल्या तुसाच्या राखेत ८५ ते ९५ टक्के सिलिका असते. ही सिलिका क्रियाशील रूपात असेल तर ती त्या चुन्याशी अभिक्रिया करून आणखी कॅल्शियम सिलिकेट हायड्रेट तयार करते, त्यामुळे काँक्रीटमधील सूक्ष्म छिद्रे बारीक होतात आणि पाणी व क्षार आत शिरण्याचा वेग कमी होतो. आपल्याकडील जुन्या बांधकामांत चुन्यात विटांची सुरखी मिसळत असत, त्यामागचे तत्त्व हेच होते.

वरच्या वाक्यांतील ‘क्रियाशील रूपात असेल तर’ ही अट सर्वांत महत्त्वाची आहे. सिलिका अस्फटिकी असेल तरच ती चुन्याशी लवकर अभिक्रिया करते. तूस ५०० ते ७०० अंश सेल्सिअसच्या दरम्यान, पुरेशी हवा देऊन जाळले तर सिलिका अस्फटिकी राहते. तापमान ८०० अंशांच्या वर गेले आणि तेथे बराच वेळ टिकले तर तिचे क्रिस्टोबलाइटसारख्या स्फटिकांत रूपांतर होऊ लागते, आणि अशी राख काँक्रीटमध्ये निव्वळ बारीक भरावाचे काम करते. उलट तापमान कमी राहिले किंवा हवा अपुरी पडली तर न जळलेला कार्बन राखेत राहतो. तुसात असलेले पोटॅशियम ही आणखी एक अडचण आहे: ते सिलिकेचा वितळणबिंदू खाली आणते, कणांचा पृष्ठभाग वितळून बंद होतो आणि आत अडकलेला कार्बन मग कितीही वेळ जाळले तरी बाहेर पडत नाही.

नियंत्रित तापमानाला जाळलेल्या तुसाच्या राखेवर कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील प्रा. पी. के. मेहता यांनी १९७०च्या दशकात पायाभूत काम केले. भारतात आयआयटी कानपूर येथे पी. सी. कपूर यांनी जाळीच्या टोपलीसारख्या साध्या भट्टीत क्रियाशील राख मिळवण्याची पद्धत विकसित केली. या दोन्ही प्रयत्नांचा रोख जाळण्याच्या रीतीवर होता, ही गोष्ट नवख्याने सुरुवातीलाच ध्यानात घेतलेली बरी.

मानक काय म्हणते

साध्या व सळईयुक्त काँक्रीटसाठीच्या आयएस ४५६ : २००० या भारतीय मानकाने तुसाच्या राखेला परवानगी दिली आहे, पण ती सशर्त आहे. राखेचे गुणधर्म अपेक्षेप्रमाणे आणि एकसारखे असावेत आणि कामावरील निर्णयाधिकाऱ्याची मान्यता घेतलेली असावी, असे मानक सांगते. प्रत्येक ठिकाणच्या राखेची स्वतंत्र तपासणी आवश्यक आहे, कारण वाईट राख काँक्रीटमध्ये गाळाइतकीच अपायकारक ठरू शकते, अशी स्पष्ट सूचनाही त्यात आहे. पाण्याची वाढणारी गरज आणि वाळताना होणारे आकुंचन यांचा आधी अभ्यास करावा, असेही त्यात म्हटले आहे. माझ्या मते या विषयावर इतक्या थोड्या शब्दांत इतका नेमका इशारा दुसरीकडे मिळणार नाही.

याचा व्यावहारिक अर्थ असा की घराचे कॉलम, बीम आणि स्लॅब यांत ही राख वापरण्याचा निर्णय मालकाने, ठेकेदाराने किंवा गवंड्याने परस्पर घ्यायचा नाही. तो संरचना अभियंत्याने चाचण्यांचे निकाल पाहून घ्यायचा. नवख्याने कोबा, अंगणातील फरसबंदी, पेव्हर ब्लॉक, शेतातील पायवाट, कुंपणाच्या खांबाभोवतीचा भराव अशा कामांपासून सुरुवात करावी.

पहिली पायरी: राखेचा उगम शोधणे

राख आणण्याआधी ती जेथे तयार होते ते ठिकाण पाहावे आणि बॉयलर चालवणाऱ्या माणसाशी बोलावे. उकडा तांदूळ करणाऱ्या गिरण्यांत वाफेसाठी तूसच जाळतात, त्यामुळे तेथे राख सातत्याने मिळते. पण वर्षभर निव्वळ तूसच जळते, की टंचाईच्या दिवसांत त्यात लाकडाचा भुसा किंवा कोळसा मिसळला जातो, हे विचारून घ्यावे. राख भट्टीच्या तळातून काढली आहे की धुराड्याच्या वाटेवरील सायक्लोन या धूळ गोळा करणाऱ्या यंत्रात पकडलेली आहे, हेही विचारावे, कारण एकाच बॉयलरच्या या दोन राखा बारीकपणा आणि कार्बन या दोन्ही बाबतींत वेगळ्या असतात. धूळ उडू नये म्हणून राखेवर पाणी मारण्याची पद्धत अनेक ठिकाणी आहे. अशी ओली राख वापरता येते, पण आधी ती पूर्ण वाळवावी लागते. उघड्यावरच्या जुन्या ढिगातील राखेत माती, पालापाचोळा आणि पावसाने वाहून आलेला गाळ असतो, म्हणून तिच्या वाटेला जाऊ नये.

रंगावरून अंदाज करता येतो, निकाल लावता येत नाही. काळी राख म्हणजे भरपूर कार्बन, एवढे नक्की. करडी राख तपासण्यालायक समजावी. पांढरी किंवा किंचित गुलाबी राख पाहून मात्र नवखे लोक हुरळून जातात. पांढरा रंग कार्बन जळून गेल्याचे सांगतो, पण तो कोणत्या तापमानाला गेला हे सांगत नाही. जास्त तापून स्फटिकी झालेली निकामी राखही पांढरीच असते. उघड्यावर ढीग करून जाळलेल्या तुसात बाहेरचा थर काळा आणि गाभ्याचा भाग पांढरट निघतो, म्हणजे एकाच ढिगात दोन्ही प्रकारचे दोष मिळतात. शिवाय अशा जाळण्याने गावभर धूर होतो तो वेगळाच. म्हणून काँक्रीटसाठी मुद्दाम ढीग पेटवण्याचा मार्ग मी कोणालाही सुचवणार नाही.

उगम ठरला की एकाच दिवशी एकाच ठिकाणाहून नमुना न घेता, निदान आठवडाभर वेगवेगळ्या पाळ्यांत थोडी थोडी राख काढून ठेवावी आणि प्रत्येक पिशवीवर तारीख, वेळ व जागा लिहावी. या पिशव्यांतील राख एकमेकींपासून दिसायलाच वेगळी असेल, तर पुढच्या चाचण्यांवर पैसा खर्च करण्याआधी दुसरी गिरणी शोधणे शहाणपणाचे ठरते.

दुसरी पायरी: दळणे

बॉयलरमधून निघालेली राख तुसाचा सांगाडा टिकवून असते. भिंगाखाली पाहिले तर तिच्यात पोकळ्यांचे जाळे दिसते आणि या पोकळ्या मिश्रणातील पाणी शोषून घेतात. राख न दळता वापरली की मिश्रण कोरडे पडते, गवंडी पाणी वाढवतो आणि ताकद खाली येते. राख चांगली दळली की या जाळ्याचे तुकडे होतात, पाण्याची गरज बऱ्याच अंशी आटोक्यात येते आणि अभिक्रियेला मोकळा पृष्ठभाग मिळतो.

दळण्यासाठी बॉल मिल हे योग्य यंत्र आहे. प्रायोगिक प्रमाणात काम करायचे असेल तर अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत खडीची झीज मोजण्यासाठी असलेले लॉस एंजेलिस यंत्र पोलादी गोळ्यांसह वापरता येते आणि अनेक संशोधकांनी ते वापरलेही आहे. धान्याच्या गिरणीत राख दळू नये: सिलिका जात्याचा दगड झिजवते, दगडाचा चुरा राखेत मिसळतो आणि ती गिरणी पुन्हा पीठ दळण्याच्या लायकीची राहत नाही.

किती वेळ दळायचे हे घड्याळावर ठरवू नये. ठरावीक अंतराने नमुना काढून ४५ मायक्रॉनच्या चाळणीवर पाण्याखाली धुवावा आणि वर उरलेला भाग वाळवून तोलावा. नैसर्गिक पोझोलानासाठी, म्हणजे चुन्याशी अभिक्रिया करून घट्ट होणाऱ्या बारीक पुडीसाठी, अमेरिकी मानक एएसटीएम सी ६१८ मध्ये चाळणीवर उरण्याची कमाल मर्यादा ३४ टक्के आहे. तुसाच्या राखेसाठी ती फार सैल वाटते. चाळणीवर १० टक्क्यांहून कमी राख उरेपर्यंत दळण्याचे उद्दिष्ट ठेवावे.

येथे आरोग्याचा मुद्दा येतो आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. स्फटिकी सिलिकेची बारीक धूळ सतत फुप्फुसांत गेली तर सिलिकोसिस होतो, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९७ मध्ये कामाच्या ठिकाणी श्वासावाटे जाणाऱ्या क्वार्ट्झ व क्रिस्टोबलाइट रूपातील सिलिकेची गणना माणसात कर्करोग घडवणाऱ्या घटकांत केली. आपल्या राखेत स्फटिक किती आहेत हे चाचणीपूर्वी आपल्याला माहीत नसते, म्हणून ती धोकादायक आहे असेच धरून वागावे. दळताना, चाळताना आणि पोती भरताना एन ९५ दर्जाचा मास्क व गॉगल वापरावा. तोंडाला बांधलेला रुमाल पुरेसा नाही. जमीन झाडण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसावी.

तिसरी पायरी: तपासणे

पहिली चाचणी ओलाव्याची: राख १०५ अंशांवर वजन स्थिर होईपर्यंत वाळवून घट मोजावी. दुसरी चाचणी ज्वलनघटीची: वाळलेली राख मफल भट्टीत ७५० अंशांच्या आसपास तापवून वजन किती घटते ते पाहावे. ही घट प्रामुख्याने कार्बनची असते. सी ६१८ मध्ये नैसर्गिक पोझोलानासाठी १० टक्क्यांची मर्यादा आहे, पण ५ ते ६ टक्क्यांच्या आत असलेली राख काम करायला कितीतरी सोपी जाते, कारण कार्बन रासायनिक मिश्रकही शोषून घेतो.

क्रियाशीलतेचा ढोबळ अंदाज प्रयोगशाळेशिवायही घेता येतो. एक भाग विरलेल्या चुन्याची पूड आणि दोन भाग दळलेली राख वजनाने घेऊन पाण्यात घट्ट मळावी, छोट्या वड्या थापाव्यात, प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करून उबदार जागी आठवडाभर ठेवाव्यात आणि मग पाण्यात सोडाव्यात. नुसत्या चुन्याची वडी पाण्यात विस्कटून पसरते. राखेची वडी घट्ट राहिली, नखाने कोरली गेली नाही, तर राखेत दम आहे असे समजावे. चुना कातडी व डोळे भाजतो, त्यामुळे हातमोजे आणि गॉगल येथेही लागतात. मात्र ही चाचणी वाईट राख नाकारण्यासाठी आहे, राख स्वीकारण्यासाठी नाही.

स्वीकारण्यासाठी मसाल्याच्या ठोकळ्यांची चाचणी हवी. भारतात पोझोलाना तपासण्याच्या पद्धती आयएस १७२७ मध्ये दिल्या आहेत. अमेरिकी पद्धतीत ५०० ग्रॅम सिमेंट, १३७५ ग्रॅम प्रमाणित वाळू आणि २४२ मिली पाणी यांचा एक मसाला, आणि ४०० ग्रॅम सिमेंट व १०० ग्रॅम राख घेऊन तेवढाच प्रवाहीपणा येईल इतक्या पाण्याचा दुसरा मसाला करतात. दुसऱ्याची ताकद ७ किंवा २८ दिवसांनी पहिल्याच्या निदान ७५ टक्के असली आणि पाणी ११५ टक्क्यांहून अधिक लागले नसले, तर राख उत्तीर्ण होते.

या कसोटीवर माझा पूर्ण विश्वास नाही. पाचवा हिस्सा सिमेंट काढून त्या जागी निष्क्रिय दगडाची बारीक पूड घातली तरी ताकद कधी कधी ७५ टक्क्यांच्या वर राहते. म्हणून तिसरा मसाला जरूर करावा: त्यात १०० ग्रॅम राखेऐवजी तितकीच बारीक दळलेली वाळूची पूड घालावी. राखेचे ठोकळे २८ दिवसांनी पुडीच्या ठोकळ्यांपेक्षा स्पष्टपणे मजबूत निघाले तरच राख अभिक्रिया करते आहे, असे म्हणता येते. खर्च थोडा वाढतो, पण संशयाला जागा राहत नाही. क्ष-किरण विवर्तनाची सोय जवळच्या विद्यापीठात असेल तर तीही करावी. अस्फटिकी सिलिकेच्या आलेखात रुंद उंचवटा दिसतो आणि स्फटिकी सिलिकेच्या आलेखात टोकदार शिखरे दिसतात.

चौथी पायरी: सिमेंटची निवड

बाजारात सहज मिळणारी पुष्कळशी पोती पीपीसी, म्हणजे पोर्टलंड पोझोलाना सिमेंट, या प्रकारची असतात. फ्लाय ॲशवर (औष्णिक वीजकेंद्रातील कोळशाच्या राखेवर) आधारित पीपीसीमध्ये १५ ते ३५ टक्के फ्लाय ॲश कारखान्यातच मिसळलेली असते. त्यात तुसाची राख घातली की दोन्ही राखा एकाच मर्यादित चुन्यासाठी स्पर्धा करतात, आणि पोत्यात आधी नेमकी किती राख होती हे आपल्याला ठाऊक नसल्याने आपले सगळे प्रमाणच अंदाजावर चालते. म्हणून ओपीसी, म्हणजे साधे पोर्टलंड सिमेंट, घ्यावे आणि पोत्यावरचा छाप वाचूनच घ्यावे. कामावर पीपीसीच वापरायचे ठरले असेल, तर तुसाची राख त्यात न घालणेच बरे.

पाचवी पायरी: चाचणी मिश्रण

किती टक्के राख घालायची याचे एकच उत्तर नाही, पण नवख्याने १० टक्क्यांपासून सुरुवात करावी आणि शेजारी ५ व १५ टक्क्यांची मिश्रणे करून पाहावीत. २० टक्क्यांच्या पुढे पाण्याची गरज इतकी वाढते की मिळणारा लाभ तिच्यातच खर्च होतो.

एक उदाहरण घेऊ. एम २५ दर्जाच्या (२८ दिवसांची ताकद २५ न्यूटन प्रति चौरस मिमी) काँक्रीटसाठी एका घनमीटरला ३५० किलो ओपीसी, १६८ किलो पाणी, ७१३ किलो वाळू आणि १२५१ किलो बेसाल्टची खडी असे मूळ मिश्रण आहे, असे समजू. पाणी व सिमेंट यांचे गुणोत्तर ०.४८ येते. वाळू व खडीची वजने पृष्ठभाग कोरडा पण आतून संपृक्त अशा अवस्थेतील आहेत, आणि वाळूचे विशिष्ट गुरुत्व २.६५ धरले आहे. १० टक्के राख म्हणजे ३१५ किलो सिमेंट आणि ३५ किलो राख.

आता येथे एक बाब सुटते. सिमेंटचे विशिष्ट गुरुत्व ३.१५ असते, तर राखेचे २.१ च्या आसपास. काढलेले ३५ किलो सिमेंट ११.१ लिटर जागा व्यापत होते आणि घातलेली ३५ किलो राख १६.७ लिटर व्यापते. वाढलेल्या ५.६ लिटरसाठी वाळू सुमारे १५ किलोने कमी करावी लागते, म्हणजे ती ६९८ किलो होते. ही दुरुस्ती केली नाही तर एक घनमीटरचे म्हणून मोजलेले काँक्रीट प्रत्यक्षात एक घनमीटरहून जास्त भरते आणि प्रति घनमीटर सिमेंट ठरल्यापेक्षा कमी पडते.

प्रत्येक मिश्रणातून १५० मिमीचे ९ ठोकळे काढावेत: ७, २८ आणि ५६ दिवसांसाठी प्रत्येकी ३. त्यासाठी ३५ लिटर काँक्रीट पुरते. म्हणजे १० टक्क्यांच्या मिश्रणात सिमेंट ११.०३ किलो, राख १.२३ किलो, पाणी ५.८८ किलो, वाळू २४.४ किलो आणि खडी ४३.८ किलो. वाळू ओली असेल तर तिच्यातील जादा पाणी मोजून मिश्रणाच्या पाण्यातून वजा करावे. १०० किलो वाळूत ३ टक्के जादा ओलावा म्हणजे ३ लिटर पाणी, आणि तेवढ्याने सगळा हिशेब बिघडू शकतो.

राख आणि सिमेंट कोरडेच, झाकणाच्या पिंपात घालून रंग एकसारखा होईपर्यंत मिसळावेत. मिक्सरमध्ये खडी व वाळू थोड्या पाण्यासह आधी फिरवून मग हे मिश्रण घालावे आणि उरलेल्या पाण्यात सुपरप्लास्टिसायझर (पाणी न वाढवता मिश्रण प्रवाही करणारे रसायन) मिसळून ते शेवटी सोडावे. नेहमीपेक्षा एक-दोन मिनिटे अधिक फिरवावे. स्लम्प (शंकूच्या साच्यातून काढलेले ओले काँक्रीट किती खचते ते माप) कमी भरला तर पाणी वाढवायचे नाही; सुपरप्लास्टिसायझरची मात्रा उत्पादकाने सांगितलेल्या मर्यादेत थोडी थोडी वाढवायची. राखेचे काँक्रीट चिकट असते, त्यामुळे स्लम्प बेताचा दिसला तरी व्हायब्रेटर लावल्यावर ते बरेच चांगले बसते. अर्ध्या तासाने स्लम्प पुन्हा मोजावा, कारण प्रत्यक्ष कामावर घमेले हातोहात पोहोचेपर्यंत तेवढा वेळ जातोच.

निकाल वाचताना

एम २५ साठी सरासरी ताकदीचे लक्ष्य २५ नसते. मानक विचलन, म्हणजे निकालांतील चढउताराचे माप, ४ धरले तर २५ मध्ये १.६५ गुणिले ४ मिळवून ३१.६ न्यूटन प्रति चौरस मिमी हे २८ दिवसांचे लक्ष्य येते, आणि राखेच्या मिश्रणानेही तेच गाठायचे असते. सात दिवसांची ताकद मूळ मिश्रणापेक्षा थोडी कमी आली तर घाबरू नये, कारण राखेची अभिक्रिया सिमेंटमधून चुना सुटल्यानंतरच वेग घेते. २८ दिवसांनीही ती मागे असेल तर कारण शोधावे. राखेच्या मिश्रणाला पाणी किंवा सुपरप्लास्टिसायझर फार जास्त लागले असेल तर संशय अपुऱ्या दळणावर किंवा कार्बनवर जातो. पाणी तेवढेच लागले आणि तरीही ताकद कमी आली, तर राख स्फटिकी असण्याची शक्यता मोठी आहे. अशी राख कितीही दळली तरी फारशी सुधारत नाही, ती सोडून द्यावी. एका वयाच्या ३ ठोकळ्यांपैकी एखादा सरासरीपासून १५ टक्क्यांहून अधिक दूर असेल तर तो संच बाद समजावा आणि साचे, ठोसणी व पाण्यात ठेवण्याची पद्धत तपासावी.

सहावी पायरी: प्रत्यक्ष काम

एका पोत्याच्या मिक्सरवर काम करताना राखेचे वजन बहुतेक वेळा चुकते. ५० किलोच्या पोत्यामागे ५ किलो राख घातली की १० टक्के झाले, असे वाटते. पण आपले १० टक्के हे सिमेंट व राख यांच्या एकूण वजनाचे आहेत, म्हणून पोत्यामागे ५.५६ किलो राख लागते आणि एकूण ५५.५६ किलो बंधकासाठी ०.४८ या गुणोत्तराने २६.७ किलो पाणी येते. राख घमेल्याने मोजू नये. ती हलकी आणि फुगीर असते, दाबून भरली आणि सैल भरली यांत मोठा फरक पडतो. आदल्या दिवशीच वजन करून ५.५६ किलोच्या पिशव्या बांधून ठेवल्या तर बिगाऱ्याला पोत्यामागे एक पिशवी एवढेच लक्षात ठेवावे लागते.

राखेच्या काँक्रीटमधून वर पाणी कमी सुटते. याचा फायदा आहे, पण उन्हात आणि वाऱ्यात पृष्ठभाग लवकर सुकून ओले असतानाच तडे जाण्याचा धोकाही आहे. पृष्ठभाग कोरडा दिसला म्हणून त्यावर पाणी शिंपडून किंवा कोरडे सिमेंट भुरभुरून थापी मारण्याची सवय येथे मोडावी लागते. फिनिशिंग होताच प्लॅस्टिकचा कागद अंथरावा आणि काँक्रीट घट्ट होताच ओले गोणपाट किंवा आळी करून पाणी धरावे. आयएस ४५६ नुसार राखेसारखे पदार्थ असलेले काँक्रीट निदान १० दिवस ओले ठेवायचे असते, आणि कोरड्या, उष्ण हवेत हा काळ १४ दिवसांपर्यंत वाढवण्याची शिफारस आहे. विदर्भातील एप्रिल-मे महिन्यांत १४ दिवसांहून कमी पाणी मारण्याचा विचारही करू नये; पाण्याची तेवढी सोय नसेल तर काम पावसाळ्यानंतर घ्यावे. अभिक्रिया उशिरा होणारी असल्याने पाणी आधी तोडले की राखेचा वाटा अर्धवटच राहतो आणि सिमेंट मात्र आपण आधीच कमी केलेले असते.

सेंट्रिंग काढण्याचे मानकातील दिवस साध्या ओपीसीच्या काँक्रीटसाठी दिलेले आहेत. राखेच्या काँक्रीटसाठी कामाच्या जागीच ठेवलेल्या ठोकळ्यांची ताकद पाहून अभियंत्याने दिवस ठरवावेत. रंगाची अपेक्षाही आधीच स्पष्ट करावी: राखेतील थोड्याशा कार्बननेही काँक्रीट गडद होते आणि दोन खेपांच्या रंगांत फरक दिसतो, त्यामुळे गिलावा न करता उघड्या ठेवायच्या भिंतींसाठी ही राख सोयीची नाही.

खेप बदलली की

गिरणीतून नवीन खेप आली की ज्वलनघट, ४५ मायक्रॉनची चाळणी आणि ठरलेल्या स्लम्पसाठी लागणारा सुपरप्लास्टिसायझर, या तीन गोष्टी पुन्हा मोजाव्यात. तिन्ही आकडे आधीच्या खेपेच्या जवळ असतील तर काम चालू ठेवून ठोकळे काढत राहावेत. एखादा आकडा सरकला असेल, गिरणीने इंधन बदलले असेल किंवा बॉयलरची दुरुस्ती झाली असेल, तर वाळूच्या पुडीसह तिन्ही मसाल्यांची चाचणी पुन्हा करावी आणि निकाल हाती येईपर्यंत पूर्वीच्या खेपेची राख किंवा नुसते ओपीसी वापरावे. प्रत्येक खेपेतील २ किलो राख हवाबंद डब्यात, तारखेची चिठ्ठी लावून, ५६ दिवसांचे ठोकळे फुटेपर्यंत जपून ठेवावी.